फुमिएबाईंची चाल

१४ जून २०२५, व्हिटबी

आज चोर सापडला. चोर नव्हे, चोरटी. जपानी आहे.

ऊर्मी मला सकाळी तळ्याकाठच्या एका नव्या कॉफीच्या दुकानात घेऊन गेली. माझी कॉफी यायची होती, तेवढ्यात वर टांगलेल्या स्पीकरमधून कुणी बाई गायला लागली आणि मी ताडकन उभी राहिले. अरविंदची चाल! आमच्या मंडळाच्या गाण्याची चाल! लंडनमध्ये, म्हणजे आमच्या ऑन्टेरिओतल्या लंडनमध्ये, दर गणपतीला आरतीआधी जे गाणं होतं, तेच सूर. भाषा मात्र भलतीच.

"ऊर्मी, ही बाबांची चाल!"

"आई, sit down, सगळे बघतायत."

"बघू देत. चोरीच्या मालाबरोबर कॉफी विकतात!"

ऊर्मीने फोन वर धरला. फोनने सांगितलं, गायिका फुमिए त्सुजिमुरा. गाण्याच्या नावाचा इंग्रजी अर्थही दिला होता, 'ओल्या छत्र्या'. साल १९७८.

"सेव्हन्टी-एट, आई. It's old," ऊर्मी म्हणाली आणि माझ्याकडे न बघता कपाची कड पुसत बसली.

सालाचं काय सांगते? फोनला काय कळतं? मला माहीत आहे ना ती चाल कुठे आणि कधी जन्मली ते. १९८० चा जानेवारी. मी लग्न होऊन नुकती नागपूरहून आले होते. बेसमेंटमधली दोन खोल्यांची जागा. खिडकी बर्फाने बुजलेली. मी दिवसभर रडत असे आणि अरविंद युनिव्हर्सिटीतून आला की तोंड धुऊन हसत असे. एकदा तो लवकर आला आणि मी पकडली गेले. तो सरळ आत गेला, स्वयंपाकघरात चहा ठेवला आणि तिथूनच गुणगुणायला लागला. मग माझ्याजवळ येऊन बसला. मी विचारलं, कुठलं गाणं? तो म्हणाला, "कुठलं नाही. आत्ता तुझ्यासाठी सुचलं."

पुढे त्याने त्या चालीवर मंडळासाठी शब्द लिहिले. 'हिमात लावू मराठी दिवा.' त्यातल्या 'दिवा'च्या आधी एक क्षण गप्प राहायचं असतं. कोरसवाले दरवर्षी चुकतात, आधीच घुसतात. अरविंद त्यांना ओरडायचा, "थांबा तिथे! परदेशात आलेल्या माणसाचा तो पहिला श्वास आहे."

त्या बाईच्या गाण्यात ती थांबण्याची जागासुद्धा आहे. एवढं लुटायचं आणि एवढीशी खोडदेखील मागे ठेवायची नाही?

अरविंदला जाऊन चार वर्षं झाली. आता तो भांडायला नाही. मी आहे.

१७ जून, लंडन

ऊर्मीला फोनवरून तक्रार सांगितली, तिने टाइप केली. रेकॉर्ड कंपनीला, टोकियोला. मी सांगितलेलं 'निर्लज्ज' तिने 'unfortunate' केलं. मी म्हटलं, निर्लज्जच लिही. "Okay, okay, पाठवते," म्हणाली.

चोरी कशी झाली तेही मी शोधून काढलं आहे. अरविंद लग्नाच्या आधी, १९७९ च्या शरद ऋतूत, ओसाकाला गेला होता. पुलांवर वाऱ्याचा काय परिणाम होतो याची परिषद होती आणि नंतर तिथल्या प्रयोगशाळेत काम. त्याला सारखं गुणगुणायची सवय. चाल डोक्यात आधीपासून घोळत असणार, ती कुणी तरी तिथे ऐकली. सालाचा घोळ तेवढा राहतो. ते मी बघून घेईन.

संध्याकाळी जयदीपचा फोन आला. हा मंडळाचा यंदाचा अध्यक्ष, पुण्याचा, बँकेत सॉफ्टवेअरचं बघतो. मंडळाला पन्नास वर्षं झाली म्हणून गणपतीत मोठा कार्यक्रम आहे. अरविंदला मरणोत्तर मानपत्र. शिवाय गाणं नीट स्टुडिओत रेकॉर्ड करून ऑनलाइन टाकणार, त्याच्या नावासकट. मी त्याला जपानी चोरीबद्दल सांगितलं. 

"काकू, मी बघतो हं," एवढंच म्हणाला. ही हल्लीची मुलं कशालाच पेटून उठत नाहीत.

१ जुलै

आज सगळीकडे कॅनडा डेचे फटाके. मी घरात पुरावे गोळा करते आहे.

आमच्या मंडळात गाणी लिहिणाऱ्यांची कधी वाण नव्हती. डोहाळजेवण असो, हळदीकुंकू असो, कुणाची साठी असो, कुणी ना कुणी सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर चार कडवी जुळवून आणायचं. या कामात ताराबाई सर्वांत पुढे. मंडळ त्यांनीच सुरू केलं. कागदावर त्या सगळ्यात वर लिहायच्या, 'चाल:' आणि पुढे मूळ गाणं. अरविंद त्यांना तोंडावर 'उसनवार कवयित्री' म्हणायचा. त्या हसायच्या. मीसुद्धा हसायचे, कारण माझ्या नवऱ्याला उसनं आणावं लागत नव्हतं. सबंध मंडळात स्वतःची चाल लावणारा तो एकटा.

आणि आज काय सापडलं? त्या जपानी रेकॉर्डच्या कव्हरचा फोटो. सलोनीने, माझ्या नातीने, भाषांतर करून दाखवलं. संगीत: ओनुकी. हा कंपनीचा डायरेक्टर. म्हणजे चाल त्या फुमिएची नाहीच! तिने नुसतं तोंड हलवलं. मला वाटलंच होतं.

१२ जुलै

सलोनीने फुमिएवरचा एक माहितीपट लावून दिला. दोन भाग आहेत, खाली इंग्रजी अक्षरं येतात. पुराव्यासाठी म्हणून बघायला बसले आणि आता माझा जीव जळतो आहे.

ही बाई एका बंदराच्या गावातली. बाप बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. शाळा संपल्यावर ती तिथल्या हॉटेलात लागली. दिवसा कोट आणि छत्र्या सांभाळायची, संध्याकाळी पाहुण्यांसमोर पियानो वाजवायची. एका गाण्याच्या स्पर्धेत जिंकली, कंपनीने टोकियोला नेली. झालरीचा फ्रॉक घातला, हसायचं कसं ते आरशासमोर शिकवलं. तिने हॉटेलात स्वतः बांधलेली गाणी बरोबर नेली होती. 'ओल्या छत्र्या' त्यातलंच. पाहुणे निघून जातात, स्टँडमधल्या छत्र्या ठिबकत राहतात आणि तिला हवी असलेली एक छत्री त्यात कधीच नसते, असं काहीसं आहे.

ओनुकीने गाणं ऐकलं आणि रेकॉर्डवर स्वतःचं नाव घातलं! विचारलं तर म्हणे, "फ्रॉक घालणारी पोरगी चाल लावते यावर कोण विश्वास ठेवेल?" गाणं गावोगाव वाजलं. ती प्रत्येक मुलाखतीत ओनुकीसरांचे आभार मानायची. शेवटी एका रेडिओ कार्यक्रमात तिने सांगून टाकलं, चाल माझी आहे. कंपनीने तिला काढलं. ती गावाला परत गेली, मुलांना पियानो शिकवायला लागली. टूथपेस्टच्या जाहिरातीची धून लिहिली, सुपरमार्केट बंद होताना वाजते ती धून लिहिली. कशावरही नाव नाही. केस पांढरे झाल्यावर, ओनुकी मेल्यावर, नव्या आवृत्तीवर तिचं नाव आलं. आता जगभरची पोरं ते गाणं ऐकतात आणि ती खुर्चीत बसून गाते.

मी पडद्याकडे बघून ओरडत होते. अरे, चोरा! तिचं पोरीचं वय, तिचे सूर, आणि मिरवतोस तू! मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासायचे, तिथेही हेच. रक्तातली एक विचित्र पेशी मी आधी ओळखली, त्यावरचा निबंध डॉक्टरसाहेबांच्या नावाने छापून आला, आणि पार्टीत त्यांनी मला म्हटलं, शोभा, तुझे समोसे फार छान असतात. तेव्हा अरविंद किती चिडला होता! म्हणाला, "दुसऱ्याचं श्रेय घेणाऱ्या माणसाला मी दारात उभं करणार नाही."

आता मला सगळं स्पष्ट झालं. फुमिएबाईंचा काही दोष नाही. त्यांना ह्या ओनुकीनेच फसवलं असणार. त्याने चाल अरविंदकडून उचलली आणि... पण मग त्या हॉटेलात... ते उद्या बघते. दुसरा भाग बाकी आहे.

१३ जुलै

दुसरा भाग पाहिला.

फुमिएबाई त्यांच्या जुन्या हॉटेलात परत जातात. तो पियानो अजून तिथे आहे. त्या बसतात, गाणं वाजवतात आणि त्या जागी थांबतात. मग हसून सांगतात, "इथे मी का थांबते विचारतात. ही एक पट्टी अडकायची. खाली गेली की वर यायला वेळ लावायची. ती वर येईपर्यंत मी थांबायचे. मग सवय लागली, गाण्यातच राहिलं."

काकडीच्या वेलाला पाणी घातलं. आज आणखी काही लिहीत नाही.

२ ऑगस्ट

आज ताराबाईंना भेटायला गेले. त्या आता नव्वदीच्या आहेत, वृद्धाश्रमात असतात, कान तिखट. मला साक्षीदार हवा होता. अरविंद ती चाल लग्नाच्या आधीपासून गुणगुणायचा, एवढंच कुणी तरी सांगावं, म्हणजे मी त्या पट्टीचं काही तरी उत्तर शोधलं असतं. एकाच खोडीच्या दोन चाली जगात असू शकत नाहीत का? मी रस्ताभर हेच घोकत होते.

मी सगळं सांगितलं. ताराबाईंनी माझा हात हातात घेतला, तेव्हाच मला हात काढून घ्यावासा वाटला.

"अरविंदच्या गाडीत कॅसेट होती, शोभे," त्या म्हणाल्या. "त्या बाईचीच. तुझ्या लग्नाच्या आधी तो मला ग्रोसरीला न्यायचा, तेव्हा सारखी लावायचा. जपानहून आणली म्हणाला. पुढे गणपतीत त्याने ते गाणं स्वतःचं म्हणून म्हटलं तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, वर 'चाल' लिही की बाबा, मी लिहिते तशी. तर म्हणतो, आता शोभाला सांगून बसलोय."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"तू किती कौतुकाने सांगायचीस गं सगळ्यांना. कोण बोलणार?"

मी उठले आणि निघून आले. त्यांना नीट नमस्कारही केला नाही. आता वाईट वाटतं. नाही, वाटत नाही. त्याने त्यांना भर सभेत 'उसनवार' म्हणायचं, त्यांनी हसायचं, आणि मीही हसायचं! तीनजणांत मूर्ख एकटी मी.

३ ऑगस्ट

ऊर्मीला फोन केला. विचारलं, टोकियोचं उत्तर आलं का?

तिने आधी मी जेवले का ते विचारलं. मग, "आई, I never sent it."

"का?"

"Because it says seventy-eight, आई. मला त्याच दिवशी कळलं होतं. तुला hurt झालं असतं."

म्हणजे कॉफीच्या कपाची कड पुसत होती तेव्हाच! जयदीपलाही कळलं असणार. सलोनीलाही. सगळ्यांनी मिळून मला काचेच्या बरणीसारखं जपलं. मला कुणी विचारलं होतं, तुम्हाला खरं झेपेल का म्हणून? माझं अख्खं आयुष्य माणसांना वाईट रिपोर्ट देण्यात गेलं.

अरविंदचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. नंतर सरळ केला. मला त्याच्याकडे रागाने बघायचं आहे.

१९ ऑगस्ट

जयदीप कार्यक्रमपत्रिका दाखवायला आला होता. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, 'शब्द आणि संगीत: प्रा. अरविंद खांबेटे'.

मी म्हटलं, 'आणि संगीत' काढ. तिथे फुमिए त्सुजिमुरा घाल.

"काकू, प्रिंट झालंय ऑलरेडी."

"परत छाप. मी सांगते आहे ना?"

"काकू, तुम्ही आधी बसा. मला कळतंय तुम्ही अपसेट आहात. पण लेट इट गो ना. सर आता नाहीत. पन्नास वर्षांचं फंक्शन आहे, कौन्सिलर येणार आहेत. आणि खरं सांगू का, कोणाला कळणार आहे?"

"तिला कळेल."

"ती कुठे येणारे लंडनला, काकू?"

ओनुकी अगदी असाच बसला असेल, पाय पसरून, गोड बोलत. कोण विश्वास ठेवेल, कोणाला कळणार आहे! मी जयदीपला म्हटलं, तुझ्या ऑफिसात तू लिहिलेला प्रोग्रॅम उद्या कुणी आपल्या नावाने खपवला तर? तो म्हणाला, "काकू, ते तर रोजच होतं," आणि हसला. मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. चहा न घेता गेला.

चिडून मी दोन पोळ्या करपवल्या. मला हेही दिसतं आहे की मानपत्राच्या दिवशी मी उभी राहून बोलले, तर अरविंदचं नाव जाईल. विद्यार्थी आठवण काढतात, शेजारी आठवण काढतात, ते सगळे काय म्हणतील? मेलेल्या माणसाला असं सगळ्यांसमोर उघडं पाडायचं? तो असता तर मी घरात भांडले असते आणि बाहेर त्याची बाजू घेतली असती. पण मग फुमिएबाईंची बाजू कोण घेणार? दोनदा तिचं नाव पुसलं गेलं. एकदा टोकियोत ओनुकीने पुसलं, आणि एकदा इथे, आम्ही गणपतीसमोर, टाळ्यांच्या गजरात.

३१ ऑगस्ट

काल झालं एकदाचं.

शाळेची जिम भाड्याने घेतली होती. गणपतीच्या बाजूला भला मोठा बॅनर, त्यावर अरविंदचा फोटो आणि खाली तेच, 'शब्द आणि संगीत'. जयदीपने माझं काहीही ऐकलं नव्हतं. मला स्टेजवर बोलावलं, शाल पांघरली, मानपत्र दिलं, हातात माइक दिला. मागे कोरस तयार.

मी म्हणाले, "आता जे गाणं होणार आहे त्याचे शब्द अरविंदचे आहेत. चाल त्याची नाही. चाल जपानच्या फुमिए त्सुजिमुरा या गायिकेची आहे. अरविंदने ती जपानहून आणली आणि स्वतःची म्हणून सांगितली. मला, आणि तुम्हालाही."

लोक आधी हसले. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या! पहिल्या रांगेतली सीमा शेजारणीला म्हणाली ते मला स्वच्छ ऐकू आलं, "Poor thing, थोडं confused होतंय हल्ली." जयदीपने माझं कोपर धरलं, "काकू, या, बसा ना," आणि पेटीवाल्याला खूण केली. पेटी वाजायलाही लागली.

माझं डोकंच फिरलं.

"बंद कर ती पेटी!" मी माइकमध्ये ओरडले. कुठे तरी एक बाळ रडायला लागलं. "मी म्हातारी आहे, भ्रमिष्ट नाही. ते नाव म्हटल्याशिवाय हे गाणं सुरू होणार नाही. माझ्यामागे म्हणा. फुमिए."

कुणी तोंड उघडेना. कौन्सिलरबाई हसऱ्या चेहऱ्याने इकडेतिकडे बघत होत्या. मला वाटलं, झालं, आता हे मला हाताला धरून खाली उतरवणार.

"फुमिए," मागून ऊर्मीचा आवाज आला. तिच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत ताराबाई होत्या, त्यांनीही म्हटलं. मग लहान मुलांना गंमत वाटली, ती ओरडायला लागली. मग त्यांच्या आया. आडनावाशी सगळे अडखळले, मी पुन्हा म्हणून घेतलं. हॉल गणपतीबाप्पासमोर 'त्सुजिमुरा' म्हणतोय, असं कधी झालं नसेल.

"जयदीप, तू पण."

"फुमिए त्सुजिमुरा," तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"आता गा," मी म्हटलं आणि खाली उतरले. ते नेहमीसारखे बेसूर गायले.

जेवणाच्या वेळी काहीजण मला टाळत होते. अरविंदचे एक जुने सहकारी म्हणाले, हे घरातच ठेवायचं होतंत वहिनी. मी म्हटलं, घरातच होतं, पंचेचाळीस वर्षं. सीमा तर श्रीखंडाच्या पातेल्यामागेच उभी राहिली.

आज ऊर्मी व्हिटबीला परत गेल्यावर मी फोटोसमोर खुर्ची ओढून बसले आणि त्याच्याशी भांडले. मोठ्याने भांडले, खिडक्या उघड्या होत्या. अरविंद, तुझं नाव मी काल भर सभेत घालवलं आणि मला त्याचं वाईट वाटतं आहे, याचाही राग तुझ्यावरच. चाल चोरलीस ती त्या बाईची. मी तिच्या बाजूने बोलले, तिचं तिला परत दिलं. पण माझं काय? 'तुझ्यासाठी सुचलं' ते शब्द मी इतकी वर्षं कुठे कुठे पुरवून वापरले, आई गेली तेव्हा, ऊर्मीच्या वेळी, तुझ्या त्या शेवटच्या हॉस्पिटलात. ते मला कोण परत देणार?

आणि गरज काय होती? 'जपानहून एक गाणं आणलंय, ऐक' म्हणाला असतास, तरी मी तितकीच हरखले असते. त्या बेसमेंटमध्ये मला चाल कुणाची आहे याच्याशी काय देणंघेणं होतं? तू चहा तसाच टाकून माझ्याजवळ येऊन बसलास, ते मला पुरलं होतं. एवढंही तुला कळलं नाही, अरविंद?